माघारीचा हुकूम

बेसा, नागपूर
२ नोव्हेंबर २०२५

ती. सिंधूमामीस,
प्रीतीचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. गुडघा कसा आहे?

बाबांच्या नावाच्या वाचनालयाचं उद्घाटन तीस तारखेला आहे. वस्तीतून मेजर जनरल झालेला एकच माणूस, म्हणून त्यांच्याबद्दल मी बोलायचं ठरलं. त्यासाठी एकाहत्तरच्या लढाईतली त्यांची वही काढली. बाबा हुकूम तोंडी द्यायचे, मग वहीत उतरवायचे. एका पानावर आहे : ‘केशवला नदीकाठ सोडून मागे यायचा हुकूम मीच दिला. वरून विचारणा झाली तेव्हा नाही म्हणालो.’

पळून आले म्हणून मामांना सैन्यातून काढलं, ते या एका ‘नाही’मुळे? बाबा नरखेडला आले की ते जाईपर्यंत मामा सावधान उभे असायचे. बहिणीच्या नवऱ्यापुढेही एवढी शिस्त, म्हणून आम्ही मुलं नक्कल करून हसायचो.

मामी, तुम्हाला माहीत होतं? हे पान सभेत वाचू का?

तुमची,
प्रीती

नरखेड
९ नोव्हेंबर

चि. प्रीतीस जयभीम आणि अ. आ.

गुडघा आहे तसाच आहे. संत्र्याची तोडणी चालू होऊन राहिली.

मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुह्या मामानं सांगितलं, तोंड उघडलं तर बहिणीचा संसार मोडंल. वस्तीतला एक माणूस वर पोचला, त्याले आपण खाली ओढायचं नाही. मी गप्प राहिली. विहिरीवर बाया म्हणत, पळपुट्याची बायको आली. तरी गप्प.

वाचू का, हे मले काहून विचारतं वं? तुलेबी हुकूम पाहिजे का? मी येईन अन् पहिल्या रांगेत बसीन.

तुही,
सिंधूमामी

बेसा, नागपूर
१ डिसेंबर

ती. मामीस सविनय जयभीम.

काल सभेत वही माझ्या हातात होती. एका म्हाताऱ्या सुभेदारांनी उभं राहून विचारलं, की त्या माघारीबद्दल साहेबांनी कुठं काही लिहून ठेवलं आहे का. आई शेजारीच बसली होती, चौऱ्याण्णव वर्षांची. नवी साडी नेसून. मी नाही म्हणाले.

तुम्ही चहा न घेता निघालात.

माझ्या मुलाबरोबर, धम्मदीपबरोबर, वही पाठवते आहे. ती तुमचीच. रागवा, पण परकी करू नका.

प्रीती

नरखेड
८ डिसेंबर

चि. प्रीतीस अ. आ.

वही पोचली. काल विहारात वंदना झाल्यावर नातीले, चिन्मयीले, ते पान मोठ्यानं वाचायले लावलं. तुह्यं नाव घेतलं नाही. तुह्या आईपर्यंत हे पोचू देऊ नको. माया होती तेवढी आहे.

लोकायनं शांतपणे ऐकून घेतलं. पण विहिरीवरच्या त्या बायांपैकी एकबी आता जिती नाही. समोर नव्या सुना होत्या. त्यातल्या एकीनं मले हळूच विचारलं, हे केशवराव कोण होते.

सिंधूमामी