पाच दिवस विस्तव नाही

अन् मी म्हणतो, बा, तुले आधी विचारता येत नव्हतं काय? ‘फास कोणाचा?’ एवढंच. तू जंगलाचा नाकेदार, मातीतल्या ठशावरून जनावर ओळखणारा, अन् पोटच्या पोराच्या हातातली तार तुले ओळखता आली नाही. फास पाटलाच्या भाच्यानं लावला होता. त्यात भेकर अडकलं, मी सोडवाले धावलो. माह्या हातात तार, पायाशी मेलेलं भेकर, अन् समोर तू.

तुह्याच पुढारपणात गावानं ठरवलं होतं, की उन्हाळ्यात पाणवठ्यावर जो शिकार करील, त्याच्या घरी पाच दिवस चूल पेटणार नाही. शेजाऱ्यानं विस्तव द्यायचा नाही, घरात काडी ओढायची नाही. पारावर तू म्हणाला, “नेम माह्या घरापासून लागू.” मी म्हटलं, “बा, ऐक तर.” “चूप बे!” भाचा तिथंच बसून सुपारी कातरत होता. तुह्या न्यायाची तारीफ त्यानंच पहिल्यांदा केली.

ते पाच दिवस अजून दिसतात. माय थंड्या चुलीसमोर हरभरे भिजवून बसली आहे. शेजारीण कुडावरून विचारते, “काऊन वो नाकेदारीणबाई, आज भाकरीचा वास नाही आला?” माय म्हणते, “वासच पाहिजे तं आपल्या घरचा घे.” तू तेच हरभरे चावतो, बिडी कानावर तशीच ठेवून रानात जातो. गाव म्हणते, माणूस असावा तर असा. अन् मले पोरं म्हणतात, “ये भेकऱ्या!” सहाव्या दिवशी चूल पेटायच्या आत मी मलकापूरले गाडी धरली.

तेव्हापासून चांद्याकडं आरागिरणीत आहे. जे साग तू जन्मभर राखले, तसेच मी रोज चिरतो. पुढच्या वर्षी तू गेल्याची तार आली, तेव्हा मुद्दाम सगळ्यात जाड ओंडका आऱ्यावर चढवला. त्याले नऊ वर्षं झाली. हात भरून आले, पण मन नाही भरलं.

आता मास्तरांच्या हातचं मायचं पत्र आलं. पाणवठ्याचा गाळ काढून बांध घालून राह्यले, त्याले तुह्यं नाव देणार, मीही वर्गणी पाठवावी म्हणते. पुढाकार सरपंचाचा. सरपंच कोण? तोच भाचा! मी कागद घेऊन बसलो, की फास कोणाचा होता ते आता गावभर कळू दे. त्याचीही जिरू दे अन् तुह्या नावाचीही. अर्ध्या पानावर हात थांबला. गावानं मले एकच विचारलं असतं, भेकराची वाट त्याले कोणी दाखवली? मीच दाखवली होती, बा. मागची तंगडी देतो म्हणाला होता. तारेत ते तडफडताना पाहिलं तेव्हा कुठं मी धावलो.

ते पान फाडलं. हे सांगणंही तुले पोचायचं नाही. पैसे गाळ काढाले देतो, तुह्या नावाले नाही, हे मायले लिहितो. मनिऑर्डर पंधरा रुपयांची.