समुद्र थोडाच हरलाय!

३ फेब्रुवारी २००७, शनिवार

बार्बाडोस! नकाशात शोधायला चष्मा लागला.

जेवता जेवता निशिकांत म्हणाले, "मेधा, एप्रिलमध्ये सुट्टी टाक. कॅरिबियनला जाऊ. वेस्ट इंडीजचे बीच बघायचेत ना तुला?" मला? मी कधी म्हटलं होतं! इथे सिंगापुरात सेंगकांगहून ईस्ट कोस्टच्या बीचला जायचं तरी हा माणूस बसचे पैसे मोजतो, आणि एकदम कॅरिबियन? म्हटलं, काहीतरी पाणी मुरतंय.

"तारीख कुठली?"

"पंधराच्या आसपास."

झालं! वर्ल्डकप. पंधरा तारखेला भारत-पाकिस्तान बार्बाडोसला, पुढच्या फेरीत. अजून पहिली फेरी सुरूसुद्धा झालेली नाही, पण दोघं पुढे येणारच, हे सगळ्या जगाने गृहीत धरलेलं. मॅचची तिकिटं जानेवारीतच काढून ठेवलीत म्हणे. आणि बायकोला सांगतायत— बीच!

मी म्हटलं, बरं. विमानाची तिकिटं मात्र मी काढणार. "स्वस्तातली काढ," म्हणाले. काढते की.

१० फेब्रुवारी

काढली. सगळ्यात स्वस्त. जाताना लंडनला एक रात्र थांबा, येताना सहा तास.

निशिकांतनी कागद पाहिला. लंडन वाचलं. चष्मा लावून पुन्हा वाचलं. मग, "रात्रभर थांबायचं?"

"स्वस्त आहे."

स्वस्त म्हटलं की त्यांचं तोंड बंद! अठ्ठावीस वर्षांच्या संसारात एवढं तरी शिकले.

लंडनला क्षिप्रा आहे. आमची एकुलती एक. दोन वर्षांपूर्वी फोनवर तिने सांगितलं, आदिलशी लग्न करतेय. मुलगा वाढला ब्रॅडफर्डला, पण आईवडील लाहोरचे. निशिकांत म्हणाले, "मग या घरी येऊ नकोस." आणि फोन ठेवला. तेव्हापासून तिचं नाव घेत नाहीत. घ्यायचंच झालं तर "तुझी मुलगी." माझी! लहानपणी क्रिकेट बघायला पहाटे मांडीवर घेऊन बसायचे तेव्हा कुणाची होती?

मला बार्बाडोस नको, काही नको. त्या दोघांना एकदा समोरासमोर बसलेलं बघायचंय. बस.

१८ मार्च, रविवार

रात्रभर टीव्ही चालू. सकाळी उठून बघते तर निशिकांत सोफ्यावर— चेहरा असा की घरात कुणी गेलं. भारत बांगलादेशकडून हरला! आणि त्याच दिवशी पाकिस्तान आयर्लंडकडून. आयर्लंड क्रिकेट खेळतं हेसुद्धा मला माहीत नव्हतं. पाकिस्तान तर सरळ घरी. आपले अजून दोन सामने आहेत, ते जिंकलेच पाहिजेत.

चहा दिला. कपात बघत म्हणाले, "तिकडेही सुतक असेल."

तिकडे? मी कप तसाच धरून उभी. दोन वर्षांत लेकीच्या घराचा पहिला उल्लेख! मी काही बोलले असते तर उठून आत गेले असते.

२४ मार्च, शनिवार

संपलं. श्रीलंकेने धुतलं. जोडीने घरी!

"रद्द करू या," निशिकांत म्हणाले. दाढी नाही, आंघोळ नाही. "तिथे जाऊन बघायचं काय? आयर्लंड आणि बांगलादेश?"

खरंच, त्या दिवशी आता तीच मॅच आहे. आपल्याला ज्यांनी हरवलं ते, आणि पाकिस्तानला ज्यांनी हरवलं ते. देव पण काय चेष्टा करतो एकेकाची.

म्हटलं, "स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. आणि अहो, भारत हरला. समुद्र थोडाच हरलाय! तुम्ही मला बीच दाखवणार होतात ना? दाखवा आता."

त्यांना त्यांच्याच शब्दांत पकडलं. दाढी करायला उठले.

मैत्रिणीला, विनीताला, सेरंगूनच्या बाजारात भेटले तेव्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मेधा, फार चढू नकोस. हा माणूस लंडनच्या विमानतळावरच मुक्काम ठोकेल." मी हसले.

१० एप्रिल

सामान भरलं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, लोणचं, मॅगी. राहायचं तिथे स्वयंपाकघर आहे, म्हणजे बाहेर खाणं नको— इति निशिकांत. आमची ईस्ट कोस्टची चटईपण घेतली! "तिथे खुर्चीचे पैसे घेतात." चटई घेऊन अर्ध्या पृथ्वीला प्रदक्षिणा. धन्य!

भाजणी जरा जास्तच घेतली. निम्मी वेगळी बांधली. त्यांनी बघितलं. विचारलं नाही.

१२ एप्रिल, लंडन

विनीताची वाणी खरी झाली.

एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावर जायचं, सामान ओढत, बसने. गॅटविकला पोचलो. मी फोनवर ठरवलं होतं, क्षिप्रा तिथेच येणार होती. मी सांगितलं, "खाली कॅफेत येतेय ती. चला."

"तू जाऊन ये. मी सामानापाशी बसतो."

"सामान घेऊन जाऊ."

"मेधा." बस, एवढंच. खांद्यावर चटईची गुंडाळी घेऊन बाकावर बसले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा!

क्षिप्रा वाळलीये. केस कापलेत. मला बघितलं आणि माझ्या मागे बघितलं. मागे कोणी नाही. तोंड एवढंसं झालं पोरीचं.

"बाबा वर आहेत. सामान आहे ना..."

"आई, डोन्ट स्टार्ट लाह. सामान!" लंडनला राहूनही तिचं ते सिंगापुरी 'लाह' गेलेलं नाही. मला रडूच आलं. तीही रडली. भाजणीचा डबा उघडून वास घेत रडली, वेडी.

आदिल? तो पार्किंगमध्ये, गाडीत. आणून सोडलं आणि वर येईना. "म्हणतो, बाबांना अवघड वाटेल."

म्हणजे एक वर बाकावर बसलाय, एक खाली गाडीत बसलाय, आणि मधे आम्ही दोघी मायलेकी! मला एकदम दोघांचाही राग आला. पण मी तरी वरून ओढून आणलं का? दोन वर्षं मीही मूग गिळूनच बसलेय.

आदिलने पिशवी दिली होती. त्यात उन्हाचं क्रीम आणि वेताच्या दोन टोप्या.

१३ एप्रिल, बार्बाडोस

असा समुद्र मी जन्मात पाहिला नाही. निळा म्हणू, हिरवा म्हणू? तळाशी स्वतःची बोटं दिसतात! सिंगापूरला बघावं तिकडे जहाजं उभी. इथे नुसतं पाणी.

गेस्ट हाउस म्हणजे रंगीत लाकडी घर. मालकीणबाई जाडजूड, हसऱ्या. निशिकांतनी आल्या आल्या विचारलं, बीचला आत जायचे पैसे किती? बाई हसत सुटली. म्हणाली, इथला एकूण एक बीच सगळ्यांचा. पैसे खुर्चीचे, समुद्र फुकट! मग यांची कळी खुलली. चटई अंथरली, वर मेतकूट-भात. शेजारी गोरी जोडपी भाड्याच्या खुर्च्यांवर, आणि आम्ही चटईवर डबा उघडून. लाज वाटायला हवी होती. मज्जा वाटली!

टोपी पुढे केली. "कुठली ही?"

"लंडनची."

हातात धरून उलटसुलट केली. घातली. मग दिवसभर काढली नाही.

१४ एप्रिल

पाण्यात उतरले— पंजाबी ड्रेससकट, गळ्यापर्यंत! निशिकांत हात धरून होते. लाट आली की दोघं उडी मारतोय. बावन्न वर्षांची घोडी मी! किती वर्षांनी एवढे हसलो. छोट्या बसमधून दोन डॉलरमध्ये बेटभर फिरलो, आत गाणी इतकी जोरात की दात हलतात. परत येताना तळलेला उडता मासा खाल्ला. बाहेरचं खाणं! आणि त्यांनी दुसरा मागवला!

संध्याकाळी म्हणाले, "क्षि—" आणि थांबले. "इथे पोहायला कुणालाही आवडलं असतं."

सुखात मिठाचा खडा पडला. एवढा मोठा समुद्र, आणि या माणसाच्या तोंडून दोन अक्षरं निघत नाहीत.

१५ एप्रिल, रविवार

मॅचला गेलो. पैसे भरलेले, वाया कशाला घालवायचे!

फाटकाशी निशिकांतनी पाकिटातून तिकिटं काढली. चार!

"चार कशी?"

ते पुढे चालायला लागले. जागेवर बसलो. शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या. एकीवर त्यांनी पाण्याची बाटली ठेवली, दुसरीवर डबा. कुणी बसायला आलं तर "येणार आहेत," म्हणायचे. मैदानभर अशाच किती खुर्च्या रिकाम्या, आपल्या लोकांच्या. थोडे निळे शर्ट, थोडे हिरवे, सगळ्यांचे चेहरे पडलेले. एकमेकांना चहा, डबे देतायत.

मधल्या सुट्टीत निशिकांत आपणहून बोलले, मैदानाकडे बघत.

"जानेवारीत काढली तेव्हाच चार काढली. म्हटलं, तुझ्या जावयाला बोलवावं. शेजारी बसवून हरवावं. एकदा असं हरवलं असतं ना, मेधा, की मग... बोलता आलं असतं. 'काय, कसं काय' करून सुरुवात करता आली असती. मला नुसतं जाऊन 'चुकलो' म्हणायला जमत नाही गं."

"मग लंडनला द्यायची होतीत!"

"कशाची देऊ? भारतच नाही त्यात. काय म्हणून बोलवू?"

इतकी चिडले मी! अरे माणसा, पोरगी खाली कॅफेत उभी होती. तिला भारत हवा होता की बाप? तोंडावर बोलले. लोकांसमोर, मोठ्याने, मराठीत. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं. थालीपिठाचा तुकडा हातात दिला.

आयर्लंड जिंकलं. त्यांची माणसं नाचत होती. निशिकांतनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

१६ एप्रिल

फोन कार्ड आणलं. मालकीणबाईंच्या फोनवरून क्षिप्राला सगळं सांगितलं— चार तिकिटं, दोन रिकाम्या खुर्च्या, बाटली, डबा. निशिकांत ओसरीत बसून ऐकत होते. ऐकत नसल्यासारखं करून.

पलीकडून आवाजच येईना. मला वाटलं कार्ड संपलं.

मग क्षिप्रा म्हणाली, "आई, आदिलनेपण चारच काढली होती. त्याच मॅचची. बाबांना पाठवायची म्हणून. पाकिस्तान हरलं आणि त्याने ती ड्रॉवरमध्ये टाकली. म्हणाला, आता कुठल्या तोंडाने बोलावू."

१७ एप्रिल

त्यांना सांगितलं. लंडनची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग— "गाढव आहे लेकाचा!" त्यांची लाडकी क्षिपू लहानपणी धडपडली की ज्या आवाजात ओरडायचे, अगदी त्याच आवाजात.

"परतीला लंडनला किती थांबतोय आपण?"

"सहा तास."

"पुरायचे नाहीत."

तिकीट बदलायला दंड केवढा पडतो ते मी सांगितलं. पाकिटातून क्रेडिट कार्ड काढलं. मग फोन ओढून घेतला आणि म्हणाले, "क्षिपूचा नंबर लाव."