पिंपाच्या तळाची गलोल

आप्पा, तुमची गलोल सापडली. म्हणजे तुम्ही ठेवली होती तिथंच, ज्वारीच्या पिंपात, अगदी तळाशी. आई आता माझ्याकडे राहायला आली, म्हणून आपलं जुनं घर आवरत होते. पिंप उपडं केलं, तर किडलेल्या ज्वारीच्या भुग्यातून चिंचेचं ते बेचकं खडखडत बाहेर आलं. फाट्यांना तुम्ही आवळलेली सुतळी अजून तशीच. मी तिथंच फरशीवर बसले.

गावी, मैंदर्गीच्या रानात हुरड्याच्या दिवसांत पाखरं हाकायला मला चुलतभावांसारखी गलोल हवी होती. किती मागे लागले होते तुमच्या! चादरीच्या कारखान्यातली पाळी संपवून तुम्ही येता, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून त्या फांदीची साल काढता, मी समोर उकिडवी. फाटे फाकू नयेत म्हणून सुतळी बांधता. "आता बांधा की रबर," मी म्हणते. "वल्लं हाय अजून, तडकंल. ज्वारीत पुरून ठेवतो. तळ लागला की काढू, मग सायकलच्या ट्यूबचं रबर मीच बांधून देतो." दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना तुम्ही ते पुरलंत. तळ लवकर लागावा म्हणून मी जास्तीची भाकरी खायला लागले.

पण आपल्याकडे पिंपाचा तळ कधी दिसलाच नाही. धान्याचं पिंप पुरतं रिकामं होऊ द्यायचं नाही, ही आईची रीत. ज्वारी थोडी खाली गेली की ती वरून नवं पोतं ओतायची. हे तुमच्या ध्यानात कसं आलं नाही हो? विचारलं की एकच, "तळ लागू दे की, पोरी." एकदा मी खांद्यापर्यंत हात खुपसला, ज्वारी सांडली, आणि कधी नव्हे ते तुम्ही माझ्यावर खेकसलात. हाताला तर काहीच लागलं नव्हतं. मनाशी पक्कं केलं, आप्पा मला नुसतं झुलवताहेत. अबोला धरला. पोरवयातला रुसवा तो, आपोआप गेला असता. पण त्याच उन्हाळ्यात तुमच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात तुम्ही हाक मारलीत, तरी मी आईच्या पदराआडून पुढे आले नाही. तिथून तुम्ही घरी परत आलाच नाहीत. त्याचं फार वाईट वाटतं, आप्पा. तुम्ही शब्द पाळला होता, आणि मी इतकी वर्षं मनात एक खोटारडा बाप घेऊन फिरले.

आता ते बेचकं काचेच्या तुकड्यानं खरवडलं, पॉलिशपेपर मारला, करडईचं तेल पाजून उन्हात ठेवलं. रबरासाठीच्या खाचा तुम्ही आधीच पाडून ठेवल्या होत्या. मूठ माझ्या तेव्हाच्या पंजाच्या मापाची. आता तिच्यावर माझी तीनच बोटं बसतात.

रबरही आणलं होतं, पण बांधलं नाही. घरातल्या ज्वारीच्या डब्यात गलोल पुन्हा खोल खुपसली. आई म्हणाली, "अगं, कवाच वाळली की ती!" म्हटलं, असू दे. रबर तुम्ही बांधायचं ठरलं होतं. डब्यातली ज्वारी खाली जायला लागली, की आता मीच वरून ओतते.