काळे कोपरे

९ जानेवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं खुशालीचं पत्र पोचलं. इकडे मी ठणठणीत आहे, दुर्बीण मात्र आजारी पडली. तू स्टुडिओची डार्करूम बंद केल्यापासून निगेटिव्ह चौकातल्या लॅबमध्ये देतो. परवा तिथून बारा फोटो आले आणि बाराच्या बारा फोटोंचे कोपरे काळे! मध्ये तेजोमेघ छान उजळलेला आणि कडेला चहूकडून काजळी धरल्यासारखी. कोपऱ्यातले बारीक तारे तर गडपच. पुढच्या महिनाअखेरीला म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटी वाचनालयात प्रदर्शन आहे, तिथे काय हे टांगू?

तुझ्या हातच्या फोटोंत एकवीस वर्षांत असं कधी झालं नाही. मी पडलो घड्याळजी, घड्याळ बंद पडलं की शेवटचा हात कुणाचा लागला ते आधी बघतो. इथे शेवटचा हात आपल्या लेथवाल्या टर्नरचा. सप्टेंबरात त्याने दुर्बिणीला कॅमेरा जोडायची नवी रिंग करून दिली, तिचं भोक अरुंद पडलंय. मी तसं तोंडावर सांगितलं. वीस वर्षं रोज संध्याकाळी माझ्या दुकानात बसणारा माणूस, माप घ्यायचा कॅलिपर खिशात घालून उठला तो पुन्हा फिरकलेला नाही. चोर तो चोर, वर शिरजोर. आता त्याच्याशिवाय रिंग कोण करणार, म्हणून पंचवीस तारखेला वर्कशॉपमध्ये दुर्बिणीची नळीच कापून तोंड रुंद करून घेतो.

घरी सर्वांना यथायोग्य. लोभ आहेच, पत्र तेवढं लवकर यावं.

तुझा,
भिंग्या

१४ जानेवारी

चि. भिंग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पहिलं हेच सांगते, नळीला करवत लावू नकोस. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असं होईल. टर्नरची रिंग बरोबर आहे. तुझे कोपरे पहिल्या रोलपासून काळेच होते.

तुझी फिल्म मोठी, सहा सेंटिमीटरची चौकोनी. दुर्बिणीतून येणारा पुरा उजेड मधल्या गोलापुरताच पुरतो, कोपऱ्यांना उरलंसुरलं मिळतं. निगेटिव्हवरून फोटो छापताना मी तो उजेड समसमान करत आले. त्यासाठी एका काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून ठेवलंय. निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरखाली आधी अख्ख्या कागदाला थोडाच उजेड द्यायचा, मग भोकातून फक्त मधल्या भागाला आणखी. या कागदावर उजेड जास्त तितकं काळं, त्यामुळे मध्य गडद होऊन कोपऱ्यांच्या जोडीला येतो आणि कोपऱ्यातले दाबलेले तारे दिसायला लागतात. पुठ्ठा क्षणभर थांबला तर भोकाची कड कागदावर उमटते, म्हणून तो सतत हलता ठेवावा लागतो.

सांगितलं का नाही, विचारशील. पहिल्या रोलच्या वर्षी तुझं पहिलं दुकान बुडालं होतं. आठ महिने तू धड बोलत नव्हतास आणि तो रोल घेऊन आलास तेव्हा हसत होतास. काळ्या कोपऱ्यांचा फोटो तुझ्या हातात मला देववेना. मग सांगायचं राहतच गेलं. चूक माझी आहे. टर्नरकडे माझ्यासाठी जा.

पुठ्ठा सोबत पाठवते, लॅबवाल्याला दाखव. राग आला तरी पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझी,
अक्का

२० जानेवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

नळी कापणार नाही. एवढं एकच तुझं ऐकलं.

एकवीस वर्षं मी जगाला सांगत आलो की आमच्या दुर्बिणीत उजेड कडेपर्यंत सारखा पडतो. तिघांनी माझं बघून तश्शीच नळी करून घेतली. त्यांचे कोपरे काळे आले की मी त्यांना धांदरट म्हणून हिणवायचो. तू शेजारी बसून ऐकायचीस आणि चहा पुढे करायचीस. मला फार लागलं, अक्का. झाकली मूठ माझी आणि ती तुझ्या हातात, हे मलाच माहीत नव्हतं.

लॅबवाल्याने पुठ्ठा वापरून पाहिला. फोटोच्या मधोमध बशीएवढी गोल कड उमटली. तो म्हणाला, हे ज्याचं काम त्यानेच करावं.

आणखी एक. पत्र सूनबाईच्या अक्षरात का? शिवाय रसायनांचा वास सोसत नाही म्हणून डार्करूम बंद केलीस म्हणे. चाळीस वर्षं त्या वासात डबा खाल्लास तू! अजून काय झाकलंयस ते एकदाच सांगून टाक.

रागावलेला, पण तुझाच,
भिंग्या

२७ जानेवारी

चि. भिंग्यास,
आशीर्वाद.

हे पत्र माझ्या हाताने लिहिते आहे. ओळी उताराला लागल्यात, सांभाळून वाच. गेल्या उन्हाळ्यापासून उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखं काही नाही, पण जायचंही नाही. चहा घेऊन निघाले की आधी कपबशी ऐकू येते, मग मी दिसते. सूनबाई हसते, मीही हसते.

कामाचं मात्र हसण्यावारी नेता आलं नाही. गिऱ्हाइकासमोर हात कापला तर? तुझाच एखादा फोटो नासला तर? भीती वाटली, म्हणून वासाचं निमित्त केलं. आता दुपार खायला उठते. तुझं म्हणणं खरं आहे. मी तुला एकदा नाही, दोनदा फसवलं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

अक्का

४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

काल टर्नरकडे गेलो, सगळं सांगितलं, माफी मागितली. त्याने रिंग मागून घेतली, कॅलिपर लावला आणि माप मला मोठ्याने वाचायला लावलं. केसाचाही फरक नाही. मग म्हणाला, आता बस. बसलो. आज संध्याकाळी दुकानात आला होता.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. रागावर पाणी पडलं आणि डोक्यात एक किडा शिरला. पुठ्ठा क्षणभरही थांबता कामा नये, असं तूच लिहिलंस. लॅबवाल्याचा हात दगडासारखा स्थिर, तिथेच कड उमटली. तुझा हात तर आता थांबतच नाही म्हणतेस. घड्याळजीचा हात कापला तर दुकानाला कुलूप, पण तुझ्या या एका कामाला तो चालेल असं मला वाटतं. चुकत असेन तर कान धर. बाराही निगेटिव्ह आणि पुठ्ठा पाठवतोय. फोटो बिघडले तर बिघडले.

काळजी घे. माझ्यावरचा हक्क आहे तसाच राहू दे.

तुझा,
भिंग्या

११ फेब्रुवारी

चि. भिंग्यास,
अनेक आशीर्वाद.

डार्करूम उघडली. आधी जळमटं काढली, मग एक निगेटिव्ह लावली. पहिले चार कागद वाया गेले. हात आवरायला बघत होते आणि तिथेच चुकत होते. पाचव्याला म्हटलं, थरथर बाबा, किती थरथरायचं ते. कड उमटली नाही. चारही कोपऱ्यांत तारे आहेत. मला रडू आलं, तेही सांगून टाकते.

ओतायचं मात्र जमत नाही. अर्धं रसायन ट्रेमध्ये आणि अर्धं सूनबाईच्या फरशीवर. अकरा निगेटिव्ह उरल्यात. ट्रे सांभाळायला तू ये.

इतकी वर्षं तू बाहेर स्टुलावर बसून राहायचास आणि मी आतून कडी घालायचे. उजेड आत येईल, असं सांगायचे. ते अर्धंच खरं होतं. पुठ्ठा तुला दिसू नये म्हणून कडी घालायचे. या वेळी माझ्याबरोबर आत उभा राहा.

तुझी,
अक्का