तिळाच्या तेलात दहा थेंब

३० ऑगस्ट, शनिवार

यीस्ट! खरूज नाही, गोचीड नाही. यीस्ट. डॉक्टरांनी आमच्या कुत्र्याच्या, भुंग्याच्या काखेतला चिकट मळ काचेवर घेतला आणि मलाही सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. भुईमुगाच्या शेंगांसारख्या, जांभळ्या, हजारोंनी! "बी.एस्सी. मायक्रो ना? मग बघा." आबा टोपी हातात धरून शेजारी उभे होते. चेहरा असा की रोग मीच पकडला.

अंग धुवायचं औषध दिलंय. आठवड्यातून दोनदा, फेस दहा मिनिटं ठेवायचा. आबांनी पुन्हा विचारून घेतलं, "धा मिनटं ना, सायेब?"

मी बाटली कपाटात ठेवून दिली, सीलही न तोडता. आपल्या बांधावर गवती चहा कमरेएवढा वाढलाय, आणि मुक्या जिवावर रसायन ओतायचं? शिकले कशासाठी मग?

३ सप्टेंबर

कॉलेजच्या लॅबमध्ये गवती चहाचं तेल काढलं. दोन पोती पाला, तेल चमचाभर. भुंग्याची यीस्ट प्लेटवर वाढवली होती. प्लेटमध्ये ऑलिव्ह तेल घालता घालता हात दिवसभर बुळबुळीत! आज प्लेट उघडली तर माझ्या थेंबाभोवती स्वच्छ गोल. रुपयाएवढा. एकही यीस्ट नाही.

संजना मॅडम म्हणाल्या, "सुंदर आलंय. पण कुत्रा म्हणजे प्लेट नव्हे, सायली." तरी टिपण लिहायला सांगितलंय. विद्यापीठाच्या स्पर्धेला पाठवू म्हणाल्या.

४ सप्टेंबर

नुसतं लावलं तर कातडी भाजेल. म्हणून वाटीभर तिळाच्या तेलात दहा थेंब. गळ्यात टोपली अडकवली, चाटू नये म्हणून. भुंग्या डोळे मिटून पडून राहिला. आई म्हणाली, "माझ्या डोक्याला कधी इतकं चोळलं नाहीस!"

६ सप्टेंबर

रोज लावतेय. फरक नाही. आई म्हणते, "तेल लावलं का जास्त खाजवतं गं ते." मी म्हटलं, आई, त्यातलं तुला कळत नाही.

महेशदादा सातपूरच्या कारखान्यातली पाळी संपवून आला. "मॅडम, वर्कशॉपमधलं जळकं ऑइल आणू का? आमच्या गेटवरची सगळी कुत्री त्याच्यावरच चमकतात." मी भांडले. तो हसत जेवायला बसला.

८ सप्टेंबर

आज वाईट झालं. पंचवटीच्या फुलबाजारातून आपल्या झेंडूचे दोन क्रेट परत आले. भुंग्या झेंडूच्या ढिगाला टेकून झोपतो. लहानपणापासून तिथेच झोपतो, फुलांत भुंगे पकडायचा म्हणून तर हे नाव. व्यापारी म्हणाला म्हणे, "देवाला वाहायची फुलं आणि वास कसला हा?"

वास आहे. खोटं कशाला लिहू? ओल्या पोत्याचा, आंबलेला.

आबा जेवले नाहीत. मग म्हणाले, "नवरात्राच्या फुलांवर आपलं वरीस चालतं. घट बसायच्या आत बरं झालं तर ठीक. नायतर कोंडाजी वणीला फुलं घेऊन जाईल, तवा घाटात सोडून यील."

कोंडाजीकाका आपल्या मळ्यातली फुलं नेतात, चुलत चुलते. भुंग्या त्यांच्या टेम्पोमागे शेपूट हलवत पळतो.

चौदा दिवस.

९ सप्टेंबर

वणीच्या मावशीचा पाय मोडला. मला जावं लागणार. तेल आबांच्या हातात दिलं. रोज संध्याकाळी लावा, विसरू नका. "हां, बाई."

१५ सप्टेंबर

परत आले आणि — वास अर्धासुद्धा नाही! काखेतला काळेपणा उतरलाय. पोटावर बारीक लव आलीय!! झोपलेला आहे, खाजवत नाही. मी भुंग्याच्या गळ्यात पडून रडले.

आबांनी तेल फार जपून वापरलंय, बाटली जवळजवळ तशीच. एवढ्याशानं हा गुण, तर भरपूर लावल्यावर?

त्यांना म्हटलं, आबा, चाललं माझं औषध! ते नुसते हं म्हणाले.

१६ सप्टेंबर

वाटीला वीस थेंब केले. दोन वेळा, पोट, मांड्या, कान, सगळीकडे. टिपणाचं पहिलं पान लिहिलं. कोंडाजीकाका सांगत होते, आबा बाजारात सगळ्यांना म्हणतात, "आमच्या पोरीनं औषध काढलं." घरात कधी बोलत नाहीत.

१८ सप्टेंबर

पुन्हा वास.

१९ सप्टेंबर

मांडीची कातडी लाल झाली. कान खाजवून रक्त. मी तेल घेऊन गेले तर बाजेखाली शिरला. माझ्यापासून लपला. मी दादाला धरायला लावून लावलं.

आई दारातून बघत होती. मग आत वळली. मीच सांगितलं होतं ना, कळत नाही म्हणून.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

आजोबांचं पान वाढलं. कावळ्याचा घास, गाईचा घास, कुत्र्याचा घास. कुत्र्याचं पान आबांनी स्वतः नेलं. भुंग्याने वडा आधी खाल्ला, खीर नंतर, नेहमीसारखं.

चार वाजता टेम्पो आला. आबांनीच त्याला उचलून क्रेटच्या मागे ठेवलं. तो खूश, टेम्पोत बसायला मिळालं! काकांनी आरसा बघितला, आबांकडे बघितलं. "गोरक्ष, नक्की ना?" आबा म्हणाले, "जा."

मी तेलाची बाटली धरून ओट्यावर उभी. मी अडवलं नाही. काय म्हणून अडवणार होते?

२३ सप्टेंबर

नव्या प्लेटा ओतत होते. संजना मॅडम मागून म्हणाल्या, "ऑलिव्ह तेल घातलंस ना? तेल मिळालं की ही कशी फोफावते बघितलंस!"

हातातला फ्लास्क खाली ठेवला.

मी माझ्या हाताने तेल घालून वाढवली होती. त्याच आठवड्यात. वहीत लिहिलंय, माझ्याच अक्षरात: "तेलाच्या प्लेटवर वाढ दुप्पट." आणि घरी येऊन वाटी वाटी तिळाचं तेल तिच्यावर चोळलं, रोज! दहा थेंब मारायला, आणि वाटीभर जेवायला.

आईला दिसत होतं. चौथी नापास आई.

२४ सप्टेंबर

दादाला सगळं सांगितलं. एकही टोमणा नाही. रजा टाकली, गाडी काढली. काकांनी सांगितलेल्या वळणावर उतरलो. हाका मारल्या. गडावर पायी चाललेल्या बायका थांबून बघत होत्या. चहाच्या टपरीवरची बाई म्हणाली, "खरजुलं, पिवळं? दोन दिस आलेल्या प्रत्येक टेम्पोमागं पळत होतं. काल सकाळपासून नाय दिसलं."

अंधार पडायच्या आत परत निघालो. दादाने वाटेत एकदाच नाक पुसलं.

२५ सप्टेंबर

टिपण फाडलं. कपाट आवरायला घेतलं. डॉक्टरांची बाटली मागे होती. सील तुटलेलं. अर्धी रिकामी.

आबांसमोर ठेवली. ते टोपी चाचपत म्हणाले, "तू वणीला होतीस तवा. दोनदा धुतलं त्याला. तेल नाय लावलं."

मग सांगितलं का नाही, आबा?

"तू आलीस ती नाचतच, माझं औषध चाललं म्हणून. घरातली पहिली शिकलेली पोर. तुला खोटं कसं पाडू?"