पाय धुण्याची तीन वाचने

आबा,

झाले ते आधी क्रमाने लिहिते.

१. गेल्या रविवारी मंडळीत योहानाचा तेरावा अध्याय वाचला. येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो आणि तुम्हीही असेच करा म्हणतो, तो.
२. अर्धी मंडळी म्हणाली, प्रभुभोजनाआधी आपणही पाय धुतलेच पाहिजेत. अर्धी म्हणाली, हा नम्रतेचा धडा आहे, विधी नव्हे.
३. आवाज चढले. यापुढे वेगळे बसू, असे दोन्हीकडून निघाले.
४. पाळक म्हणाले, "मास्तरांच्या मुलीला विचारा." मी उभी राहिले.
५. दोन्ही वाचने मांडली. दोन्ही बाजूंनी "हो, हेच आमचे म्हणणे" असे कबूल केले.
६. पाळकांनी विचारले, "आणि तुझे वाचन?" मी खाली बसले. उत्तर येत्या रविवारी द्यायचे आहे.

पाचव्या कलमाचा मला अभिमान आहे, आणि तो तुमचा आहे. रविवारी दुपारी मोहाच्या झाडाखाली तुम्ही चटई अंथरायचात, आणि एकच उतारा तीन कोपऱ्यांत बसून तीनदा वाचायचात. एक कोपरा रोमन कॅथलिकांचा, एक आपल्या मिशनच्या साहेबांसारख्या लूथरपंथीयांचा, एक नदीत बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्यांचा. मी दहा वर्षांची होते. गुजरातच्या बाजूने एक कॅथलिक सुतार शाळेची दारे बसवायला आला होता. तो पहिल्या कोपऱ्यात बसून सांगत होता की याच अध्यायात येशू म्हणतो ते स्नान म्हणजे बाप्तिस्मा, ते एकदाच. पाय मात्र रोज मळतात, म्हणून क्षमा पुन्हा पुन्हा मागावी लागते. मी हसले. तुम्ही म्हणालात, "ऊठ. त्याच्या जागी बस आणि त्याचे म्हणणे सांग. तो 'हो' म्हणेपर्यंत उठायचे नाही." पहिल्यांदा सुताराने मान हलवली. दुसऱ्यांदा म्हणाला, "मास्तर, पोरीला जेवू तरी द्या." तिसऱ्यांदा तो हातातला रंधा खाली ठेवून "हो" म्हणाला. नर्सिंगच्या शिक्षणात रोग्याचे म्हणणे जसेच्या तसे लिहायला शिकवतात. ते मला आधीच येत होते.

तुमचा स्वतःचा कोपरा मात्र तुम्ही कधी सांगितला नाहीत. मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा तुम्ही अध्याय पुन्हा वाचायला लावलात.

बुधवारी दवाखान्यात प्रकाशा गावाकडचा एक शेतकरी टाचेची जखम बांधून घेत होता. बातमी त्याच्यापर्यंतही पोहोचली होती. "बाई, तुमना देवळात पाय धवावर भांडन व्हयनं म्हने?"

"हो."

"आन तू मन्हा पाय रोज धवस, ते कसामा धरतस? विधीमा का धडामा?"

"जखमेत," मी म्हटले. तो इतका हसला की पट्टी पुन्हा गुंडाळावी लागली. तो गेल्यावर मात्र मला तुमची परात आठवली.

शिक्षणाचे दुसरे वर्ष, सुट्टी. मी नवापूर स्टेशनवरून चालत घरी आले होते, दोन्ही टाचांना फोड. तुम्ही परातीत कोमट पाणी आणलेत, जमिनीवर बसलात आणि माझा पाय हातात घेतलात. तुम्ही, ज्यांच्यासमोर गाव उभे राहत असे. मी पाय मागे घेतला आणि विचारले, "पाणी उकळलेले आहे का?" तुम्ही रागावला नाहीत. उठलात, पाणी चुलीवर ठेवलेत, उकळी फुटेपर्यंत थांबलात, निवू दिलेत आणि परत येऊन त्याच जागी बसलात. त्यानंतरच्या थंडीत तुम्ही गेलात. त्याला आठ वर्षे झाली.

रविवारी मी ती परात घेऊन जाणार आहे. ज्यांना पाय धुवायचे आहेत ते धुतील, ज्यांना नाहीत ते पाणी उकळून देतील. चटई एकच राहील. हे माझे वाचन. तीनही कोपऱ्यांना ते "हो" म्हणायला लावता येईल का, याची मला खात्री नाही.

हे पत्र टपालात पडणार नाही. तुमच्या पवित्र शास्त्राच्या प्रतीत, त्याच अध्यायापाशी ठेवते. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते: त्या दिवशी पाणी आधीच उकळलेले होते. चुलीवरचे भांडे अजून वाफाळत होते, ते मी पाहिले होते. तुम्ही माझे पाय धरावेत, हे मला सहन होत नव्हते. येशू पाय धुवायला आला तेव्हा शिष्य पेत्रानेही आधी नकोच म्हटले होते, हे मी त्या अध्यायात अनेकदा वाचले होते, पण तेव्हा आठवले नाही. तुम्हाला बहुधा आठवले असावे.

त्या दिवशी तुम्ही कोणत्या कोपऱ्यात बसला होतात, ते शनिवारी दिवे लागायच्या आत कळवा.