डिकीतला दिवा

प्रिय ठकू,

बाबांची गाडी विकून टाक, मला त्यांचं काही नको, असं तू फोनवर म्हणालीस. म्हणून गिऱ्हाईक पाहिलं, तर गाडीच चालू होईना. नवी बॅटरी घातली, तीही तीन दिवसांत ढिम्म. शेवटी गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. बंद गाडीतही कुठेतरी करंट खर्च होतोय म्हणाला, आणि बॅटरीला मीटर लावून एकेक फ्यूज काढत बसला. डिकीच्या दिव्याचा फ्यूज काढल्यावर आकडा एकदम खाली आला. पण झाकण लावल्यावर दिवा विझतो की नाही, हे बाहेरून कसं कळणार? तो गडी अंगापिंडाने असा की आत मावेना. मग तुझी आई शिरली. हसू नकोस. गुडघे हनुवटीला लावून पडले, त्याने झाकण लावलं, आणि दिवा आपला लख्ख चालू.

लपाछपी खेळताना तू याच डिकीत अडकली होतीस. अंधारात ओरडून ओरडून घसा बसला होता तुझा. बाबांनी तुला बाहेर काढलं आणि जवळ घ्यायचं सोडून थोबाडीत दिली. तिथून तुमचं जे बिनसलं, ते बिनसलंच. ते एका शब्दाने चुकलं म्हणाले नाहीत, आणि तू त्यांच्या शेवटच्या आजारातही आली नाहीस. तुला दोष देत नाही गं, पण जीव तुटतो.

इलेक्ट्रिशियनने अस्तर काढून पाहिलं. बिघाड नव्हताच. झाकण लागलं की दिवा विझवणारं बटण वगळून वायर सरळ दिव्याला जोडली होती, मुद्दाम. जोडावर चिकटपट्टी, आणि तिच्यावर काजाच्या जाड दोऱ्याचे घट्ट वेढे. या घरात शिंपी एकच होता. दुकान दोन गल्ल्या पलीकडे, तरी ते रोज संध्याकाळी गाडी घेऊन लांब चक्कर का मारायचे, ते मला आत्ता कळलं. बॅटरी भरायला. मी पेट्रोलवरून त्यांचं डोकं खायचे. तू लग्न होऊन गेलीस, तरी चक्कर चुकली नाही. एकदा तरी सांगायचं ना त्यांनी. मला नाही, तर तुला.

विकायची तर वायर कापावी लागेल, इलेक्ट्रिशियन म्हणाला. मी त्याला परत पाठवलं, गिऱ्हाईकालाही थांबवलंय. त्यांना माफ कर, असं म्हणायला हे पत्र लिहीत नाही. एकदा ये आणि डिकीत डोकावून बघ, एवढंच. मग कापायची तर तूच काप, त्यांची कात्री काढून ठेवली आहे. तोवर बॅटरी उतरू नये म्हणून संध्याकाळची चक्कर मी मारते.

पाठ अजून अवघडलेली,
तुझीच आई